मामाला मिळालेले हातमोजे

४ जानेवारी

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण सध्या खांदा जरा आखडलाय, तेव्हा उभ्यानेच घे.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच एवढं लांब पत्र लिहायला बसलेय. मामीला वाचून दाखवू नकोस. तिच्याकडून आईला कळेल, आणि आईला कळलं की माझं जेवण कडू होईल.

आईने तुला सांगितलंच असेल की मी रविवारी मातीत लोळायला जाते. त्याला मोटोक्रॉस म्हणतात. मातीचा ट्रॅक, त्यावर टेकाडं, खड्डे, अवघड वळणं, आणि मोटारसायकल उडवत सगळ्यांच्या आधी शेवट गाठायचा. मी हौशी गटात चालवते. हौशी म्हणजे पगार नाही, जिंकलो तर एक कप आणि टाळ्या. आठवडाभर बायकांना स्कूटर शिकवते आणि त्यातलं बरंचसं टायरांत घालते. येत्या हंगामात एकूण पहिल्या दहांत आले तर वरच्या गटात जाता येईल. पण त्यासाठी सगळ्या शर्यती धावाव्या लागतात, आणि माझ्या शिकवणीत निम्म्याच निघतील. कुठली तरी कंपनी पाठीशी उभी राहिली तरच जमेल, नाहीतर हे वर्ष गेलं म्हणून समज. पुढल्या वर्षी आई मला चालवू देईल असं वाटत नाही.

डझनभर कंपन्यांना अर्ज पाठवले. एकीनेही साधं 'नाही' सुद्धा कळवलं नाही. तू जन्मभर टायर-ट्यूबच्या कंपनीत प्रचाराचं खातं सांभाळलंस. कुणाला बॅनर द्यायचा, कुणाला टोपी द्यायची, हे तूच ठरवायचास. माझ्या अर्जाची प्रत सोबत आहे. गाडीचा फोटोही आहे. त्यावरचे स्टिकर बघ. सगळ्या मोठ्या कंपन्यांचे आहेत, बाजारातून आणून मी स्वतः चिकटवलेत. निदान बघणाऱ्याला वाटेल की आपल्यामागे कुणीतरी आहे.

खरं खरं काय ते लिही. गोड बोलायला माझ्याकडे माणसं आहेत.

तुझी,
भिंगरी

---

१३ जानेवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते बसून घेतलेस तरी चालतील.

अर्ज वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की चुकून दुसराच कागद आला. यात 'मला गरज आहे' हे वाक्य वेगवेगळे कपडे घालून पाच वेळा आलंय. बाई गं, गरज सगळ्यांनाच असते. माझ्या टेबलावर अशा अर्जांचे ढीग यायचे आणि मी ते चहाच्या कपाखाली ठेवायचो. कंपनी म्हणजे मामा नव्हे. तिला तुझी दया येत नाही. तिला एकच प्रश्न पडतो, तुझ्यावर खर्च केला तर माझा माल कोण बघणार आणि कोण घेणार. तुझ्या अर्जात या प्रश्नाला उत्तरच नाही. तुझा दुसरा नंबर आला म्हणून हातमोज्यांचा एक जोडही जास्त खपत नाही.

आता ते स्टिकर. ते पाहून मी कपाळाला हात लावला. ज्या पाच कंपन्यांनी तुला काडीचीही मदत केली नाही, त्यांची जाहिरात तू फुकट करते आहेस. सहावी कंपनी का म्हणून पुढे येईल? तिला वाटणार, या पोरीच्या मागे पाचजण आधीच आहेत. त्यात दोन कंपन्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत आणि तू त्यांना एकाच टाकीवर शेजारी बसवलंस. आजच्या आज सगळे काढ.

मग एका पानाचा अर्ज लिही. कुठे धावलीस, कितवी आलीस, वाईट निकालही लिही, झाकलेला निकाल कुठून तरी बाहेर येतोच. तुला बघायला कोण येतं ते लिही. शर्यत नसते तेव्हा तू काय करतेस आणि किती माणसांना भेटतेस ते लिही. पैसे मागू नकोस, माल माग, कारण माल कंपनीच्या गोदामात पडलेलाच असतो. आणि मोठ्यांच्या दारात जाऊ नकोस. हातमोजे, नी-गार्ड, चेस्ट-गार्ड असलं काही बनवणारी एखादी लहान कंपनी बघ. तुमच्या बाजूला अशी एक आहे, पत्ता खाली लिहिलाय. नकार आला तरी आभाराच्या दोन ओळी पाठव. नकारावर आभार मानणारा माणूस मी नोकरीत एकदाच पाहिला आणि पुढल्या वर्षी त्यालाच बॅनर दिला.

खांदा नुसता आखडलाय ना?

तुझा,
मामा

---

९ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र वाचून आधी दोन दिवस तुझ्यावर डाफरत होते. तिसऱ्या दिवशी आईचा केस वाळवायचा ड्रायर घेतला आणि स्टिकर सोलायला बसले. ते निघाले पण गोंद निघेना. रॉकेलने घासता घासता नखं गेली. आता गाडीला टक्कल पडल्यासारखं दिसतं. मैदानावर सगळे हसले. सुसाट नावाचा एक मुलगा आहे, त्याने विचारलं की कंपन्यांनी तुला काढून टाकलं का. मी म्हटलं, मी त्यांना काढलं.

अर्जाला बसले तेव्हा तुझ्या प्रश्नापाशी अडले. मला बघायला येतं कोण? मग लक्षात आलं, माझ्या बायका येतात. मी ज्यांना स्कूटर शिकवते त्या. कुणी शिक्षिका, कुणी दुकान चालवते, एक तर पासष्ट वर्षांची आहे, तिला नातवाच्या मागे बसायचा कंटाळा आलाय. स्वतःची गाडी घेतली की हेल्मेट आणि हातमोजे कोणते घेऊ हे त्या मलाच विचारतात. हे मला इतकं रोजचं वाटत होतं की लिहायचं सुचलंच नसतं. ते लिहिलं. सगळे निकाल लिहिले, दोन शर्यती अर्ध्यात सोडल्या तेही लिहिलं.

आणि मामा, काम झालं. तू पत्ता दिलेल्या कंपनीचे प्रचारप्रमुख स्वतः सराव शर्यतीला आले. टाय लावून मातीच्या मैदानावर आले, बिचाऱ्यांचे बूट बघवत नव्हते. शर्यत संपल्या संपल्या त्यांनी करार पुढे केला. हातमोजे, नी-गार्ड, चेस्ट-गार्ड, बूट, शिवाय सगळ्या हंगामाची प्रवेश फी. सगळं. मी त्या दिवशी दुसऱ्याच वळणावर आपटले होते आणि शेवटून तिसरी आले, तरी ते म्हणाले की कंपनीला माझ्यात भविष्य दिसतं. मला तर त्या क्षणी चिखलाशिवाय काही दिसत नव्हतं.

नव्या हातमोज्यांना वास येतो नव्या वह्यांसारखा. काल घालूनच झोपले. आईने चेस्ट-गार्ड हातात घेतलं, बोटाने ठोकून बघितलं, पट्टे ओढून बघितले आणि ड्यूटीवर गेली. हॉस्पिटलात परिचारिका आहे म्हणून काय झालं, घरीसुद्धा माझी तपासणी करते.

तू म्हणजे ग्रेट आहेस. हे पुन्हा लिहिणार नाही.

भिंगरी

---

१८ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

पत्र मिळालं, आनंद झाला. मामीला वाचून दाखवलंच शेवटी, तिने शेजारी दोन घरांत सांगितलं.

आता डोकं जागेवर ठेव. करार झाला म्हणजे काम संपलं असं समजू नकोस, तिथून सुरू होतं. दर शर्यतीनंतर कंपनीला दोन ओळी लिहीत जा, हरलीस तरी. माल खराब निघाला तर मैदानावर बोंब मारू नकोस, आधी त्यांना सांग. कराराची तुझी प्रत मात्र नीट तपासून घे. तो प्रचारप्रमुख डाव्या हाताने सही करतो आणि लिहिताना मनगटाने शाई पुसतो, तारीख कधी धड वाचता येत नाही. माणूस सज्जन आहे, पण कागदाच्या बाबतीत गबाळा.

खांद्याला जप. चेस्ट-गार्ड सरावालाही घालत जा, नुसतं शर्यतीला नव्हे.

तुझा,
मामा

---

२५ फेब्रुवारी

मामा,

मी तुला कधी लिहिलं की ते डावखुरे आहेत?

मी माझी दोन्ही पत्रं आठवून पाहिली. तो टाय लिहिला, ते बूट लिहिले, डावा हात लिहिला नाही, कारण मी तो पाहिलाच नव्हता. ते करार घरून सही करूनच घेऊन आले होते. तारीख खरंच फिसकटलेली आहे.

शुक्रवारी त्यांच्या ऑफिसात गेले आणि सरळ विचारलं. ते आधी खोकले, मग त्यांनी पाणी मागवलं, मग म्हणाले, "तुमच्या मामांनी मला बोट धरून हे काम शिकवलं. त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं, मी नाही कसं म्हणणार?"

म्हणजे माझा अर्ज त्यांनी वाचलाही नव्हता. मी विचारलं, आतापर्यंत माझ्याकडे किती बायका शिकल्या. त्यांना सांगता आलं नाही. मी नखं घालवून गाडी सोललेली, एक एक ओळ चारदा लिहिलेली, आणि तो कागद कुणाच्या तरी कपाखाली. शेवटून तिसरी आलेल्या मुलीत भविष्य दिसतं म्हणाले तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी मूर्ख, मला वाटलं माणसाला दृष्टी आहे.

सगळं सामान धुऊन, वाळवून, खोक्यात घालून आज परत केलं. हातमोजेसुद्धा. त्यांच्या स्वागतकक्षातली मुलगी माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी चोरी करून आलेय. म्हणाली, इथे लोक वस्तू घ्यायला येतात, परत करायला कुणी येत नाही. मी म्हटलं, मग पोचपावती नीट लिहा, पहिलीच आहे.

त्या मैदानावर मी एकटी मुलगी आहे, मामा. मी पुढे गेले तरी कुणीतरी म्हणतंच की हिला वाट दिली असेल. आजवर मी ते ऐकून हसू शकत होते, कारण ते खोटं होतं. तू ते खरं करून ठेवलंस.

रविवारी सराव शर्यतीत जुन्या फाटक्या हातमोज्यांनी धावले. सहावी आले. तळहाताला फोड आलेत आणि मला त्यांचा अभिमान आहे.

मला वशिल्याचं काही नको. तुझं उत्तर नाही आलं तरी चालेल.

भिंगरी

---

५ मार्च

भिंगरी,

उत्तर नको म्हणालीस म्हणून देतोय. राग फक्त तुलाच येतो असं नाही.

डिसेंबरात तुझ्या आईचं पत्र आलं. तिनेही कागदावरच लिहिलं, मी बहिरा म्हणून सगळ्यांच्याच अक्षराला वळण लागतंय. तुझा खांदा आखडलेला नाही. तुझ्या गळ्याखालच्या हंसळीच्या हाडाला चीर गेली होती आणि तू चौथ्या आठवड्यात पुन्हा गाडीवर बसलीस. जुन्या चेस्ट-गार्डला मधोमध तडा गेलाय आणि तू त्याला चिकटपट्टी लावून वापरतेस. तुझी आई ज्या वॉर्डात काम करते तिथे दर आठवड्याला गाडीवरून पडलेलं कुणीतरी येतं. चादर बाजूला करताना ती दर वेळी आधी तोंड बघते, तू तर नाहीस ना म्हणून. तिने मला लिहिलं होतं, "दादा, ती माझं ऐकत नाही. तू खडसावून लिही आणि हे सोडायला लाव."

मी नाही लिहिलं. तुला सोडायला लावणारं पत्र मला लिहिता येईना. धाकट्या बहिणीने आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि मी तिच्याशी बेइमानी केली, ती तुझ्यासाठी. मग निदान तुझ्या छातीवर चांगली ढाल असावी एवढं तरी करावं म्हटलं. त्यासाठी मी माझी ओळख वापरली. परत वेळ आली तर परत वापरीन. तुझा मान मोठा की तुझं हाड, असं मला कुणी विचारलं तर मी हाड म्हणेन. तुला आवडो न आवडो.

आणि तुझ्या त्या मैदानावर कोण आभाळातून पडलंय? कुणाच्या बापाचं गॅरेज आहे, कुणाच्या काकाची टायरची एजन्सी. त्यांनी कुणी खोकी परत केली? पण तू त्यांच्यातली नाहीस, हे मला कळायला हवं होतं. तुझी आई तुझ्याहून हट्टी होती, फक्त तिचा आवाज लहान होता.

आता ऐक. खोकं परत करणं सोपं असतं. दार आपटून बाहेर पडलं की मोकळं वाटतं, पण चेस्ट-गार्डचा तडा तसाच राहतो. तुला तुझ्या जोरावरच हवं आहे ना? मग त्याच दारात परत जा. ज्या माणसाने तुझा अर्ज न वाचता तुला सगळं दिलं, त्याच्याच कंपनीला तुझा अर्ज वाचायला लाव. ते जमत नसेल तर मला सुनावण्यात अर्थ नाही.

मी या बाबतीत आता कुणाशीही एक अक्षर बोलणार नाही. मामीच्या देखत कबूल केलंय.

मामा

---

२ एप्रिल

मामा,

महिनाभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. आईशी प्रत्यक्ष भांडले. तिला म्हटलं, तू माझ्यामागे पत्रं कशाला लिहितेस. ती म्हणाली की तुझ्यासमोर बोललेलं तुझ्या कानात शिरत असतं तर टपालखर्च वाचला असता. मग दोघी एकाच ताटात जेवलो. हाडाचं मी तुझ्यापासून लपवलं, हे खरं. तुला कळलं तर तूही 'सोड' म्हणशील अशी भीती होती. तू म्हणाला नाहीस. त्याबद्दल थँक्यू, आणि बाकीचा राग अजून शिल्लक आहे.

परत त्या दारात गेले. स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, आता काय परत करायचंय? प्रचारप्रमुखांना सांगितलं की मला तुमची मेहेरबानी नको, संधी हवी, आणि ती एकटीला नको. मैदानावर नोटीस लावा. हौशी गटातल्या ज्याला वाटेल त्याने अर्ज करावा, मीही करीन. फक्त निवड करायला तुम्ही बसायचं नाही. ते जरा दुखावले. मग बहुधा त्यांना सुटल्यासारखं वाटलं, कारण त्यांनी ती गोष्ट थेट मालकीणबाईंच्या कानावर घातली.

मालकीणबाई म्हणजे साठीच्या, लहान चणीच्या. बोटांना शिलाईचे घट्टे. सुरुवातीला स्वतः हातमोजे शिवायच्या म्हणे. त्यांनी नोटीस लावली. अर्ज भरपूर आले. ज्यांनी माझ्या सोललेल्या गाडीला हसून घेतलं होतं त्यांनीही आपापले स्टिकर खरवडून काढले, मैदानावर दोन दिवस नुसता रॉकेलचा वास. दोन सराव शर्यतींना बाई येऊन बसल्या. टेकाडापाशी नाही, जिथे सगळे पडतात त्या वळणापाशी. मग एकेकाला आत बोलावलं.

आतली खोली म्हणजे शिवणखात्याच्या कडेची एक काचेची पेटी. बाहेर यंत्रं घरघरत होती. माझा अर्ज त्यांच्यासमोर होता आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. मामा, खुणा होत्या. कुणीतरी वाचला होता.

अर्धवट सोडलेल्या दोन शर्यतींबद्दल विचारलं, मी सांगितलं. बायकांना शिकवताना पहिल्या दिवशी काय करते ते विचारलं. मी म्हटलं, गाडी बंद ठेवून नुसती स्टँडवरून काढायला आणि लावायला शिकवते, कारण निम्मी भीती तिथेच असते. मग त्यांनी अर्ज बाजूला ठेवला.

"तुला एकदा आम्ही सगळं दिलं होतं. परत का केलंस?"

मी म्हटलं, "ते मला दिलेलं नव्हतं. माझ्या मामाला दिलेलं होतं."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "या वेळी तेवढं मिळणार नाही. तुझ्यापेक्षा चांगले चालवणारे आहेत."

"चालेल. जेवढं माझं असेल तेवढं द्या."

निकाल काल लागला. पूर्ण मदत सुसाटला मिळाली. तो माझ्यापेक्षा वेगवान आहे, वळणावर घाबरत नाही, आणि हे लिहिताना पेन अडतंय पण लिहिते, त्यालाच मिळायला हवी होती. मला सर्वांत खालची पायरी. कंपनीचा सगळा माल अर्ध्या किमतीत, बदल्यात गाडीवर आणि शिकवणीच्या मैदानावर त्यांचं नाव. हंगाम संपल्यावर पुन्हा बघणार. प्रवेश फी नाही. तिच्यासाठी संध्याकाळची एक तुकडी वाढवलीय, बायकांची यादी तयार आहे.

नवं चेस्ट-गार्ड अर्ध्या किमतीत आणलं. तडा गेलेलं आईने स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकलं आणि वर झाकण दाबून बसवलं.

हंगामाची पहिली शर्यत अठ्ठावीस तारखेला. आई येणार नाही. म्हणते, जखमा बघायचा मला पगार मिळतो, फुकट बघणार नाही. तुला यायचं असेल तर ये, पण माझ्या अटी आहेत. तिकीट काढून यायचं. दोरीच्या बाहेर, माणसांत उभं राहायचं. कंपनीच्या तंबूकडे फिरकायचं नाही. प्रचारप्रमुख दिसले तर ओळख द्यायची नाही. मलाही हात करायचा नाही, आणि शर्यत झाल्यावर भेटायला यायचं नाही. त्या मैदानावर त्या दिवशी मी कुणाची भाची नाही. जमणार नसेल तर घरी बस.

भिंगरी

---

३० एप्रिल

चि. भिंगरी,

आलो होतो. तिकिटाचा अर्धा तुकडा पुरावा म्हणून सोबत जोडला असता, पण मामीने तो जपून ठेवलाय.

सगळ्या अटी पाळल्या. दोरीच्या बाहेर उभा राहिलो, उन्हात, लहान मुलांच्या आणि फुगेवाल्याच्या मध्ये. प्रचारप्रमुखाने मला लांबून ओळखलं आणि दोन्ही हात पसरून आला. मी त्याला म्हणालो की आपली काही ओळख नाही, तुमचा गैरसमज होतोय. तो आधी गोंधळला, मग त्याच्या लक्षात आलं आणि 'माफ करा काका' म्हणून मागे फिरला. त्याला मी नोकरीत जे जे शिकवलं त्यात हे एवढंच त्याने नीट केलं.

तू सुटलीस तेव्हा मला दिसलीसच नाही. नुसती माती. पहिल्या टेकाडावरून सगळे एकदम वर आले तेव्हा तुझी गाडी ओळखली, कारण बाकीच्या चित्रविचित्र रंगांच्या आणि तुझ्यावर एकच नाव. दुसऱ्या फेरीत त्या वाईट वळणावर तुझ्यापुढचा पडला, तू त्याच्या बाजूने गाडी अशी काढलीस की मी फुगेवाल्याचा दंड धरला. चौथ्या फेरीत दोघांनी तुला मागे टाकलं. पाचव्या फेरीत त्यांतला एक तू परत गाठलास. मला यातलं काही कळत नाही, पण तो तुला जागा देत नव्हता, हे मला दिसलं. त्याने कोपर काढलं, आडवं घातलं, आणि तू तरी गेलीस. आठवी आलीस. तुला कुणीही वाट दिली नाही. मी शपथेवर सांगेन.

तुझ्या आईला काल लिहिलं. तिने खडसावून लिहायला सांगितलेलं पत्र मी कधीच लिहिणार नाही, हे तिला स्पष्ट कळवलंय. ती चिडेल. चिडू दे. मी तिला हेही लिहिलं की एकदा दोरीपाशी येऊन बघ, मग सोडायला सांग.

शेवटच्या फेरीला मी जरा जास्तच ओरडत होतो बहुधा. शेजारी एक पासष्टीच्या बाई होत्या, हातात स्वतःचं हेल्मेट. त्या माझ्या कानाशी आल्या आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं, "तुमचं कुणी आहे का यात?"

मी नाही म्हणालो. म्हणताना जीभ जड झाली, पण म्हणालो.

"मग एवढं कुणासाठी ओरडताय?"

"ती एका नावाची गाडी आहे ना, तिच्यासाठी. चांगली चालवते."

हे सांगताना मात्र जीभ अडखळली नाही. मग शर्यत संपली आणि मी बस पकडून घरी आलो.

तुझा,
मामा